दिवेलागणीला बर्लिन

अंतराळातून रात्री काढलेला बर्लिनचा एक फोटो आहे. कॅनडाचा अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड याने तो २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून टिपला. बर्लिनची भिंत पडून तेव्हा तेवीस वर्षं उलटली होती, तरी शहराचे दोन भाग त्यात स्वच्छ वेगळे दिसतात. पूर्वेला नारिंगी-पिवळा उजेड, पश्चिमेला पांढुरका. पूर्व जर्मनीने रस्तोरस्ती सोडियमचे दिवे लावले होते. पश्चिमेत ट्यूबलाइट, पाऱ्याचे दिवे आणि गॅसच्या बत्त्या राहिल्या. देश एक झाला, चलन एक झालं, पण म्हणून रातोरात रस्त्यावरचे खांब कोण बदलतं!

माझी भाची बर्लिनमध्ये नोकरी करते. तिच्याकडे गेले तेव्हा हा फोटो मी तिला दाखवला. ती म्हणाली, "मावशी, मग बसमधून काय बघतेस? संध्याकाळी सायकलवरून हिंडवतात इथे, त्यात जाऊ. जमिनीवरूनही दिसेल तुला ते." सायकल मी शेवटची नीट चालवली ती पुण्यात कॉलेजात असताना. पण बर्लिन हातावर ठेवलेल्या भाकरीइतकं सपाट आहे. चढ असा लागत नाही, आणि जो लागतो तो बहुतेक पुलाचा.

अलेक्झांडरप्लात्झला टीव्ही टॉवरच्या पायथ्याशी साडेसहाला जमायचं होतं. हा ३६८ मीटरचा मनोरा पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये उभारला. धर्माला फारसा थारा न देणाऱ्या सरकारने बांधलेल्या त्याच्या स्टीलच्या गोळ्यावर ऊन पडलं की लखलखीत क्रूस उमटतो. त्याला बर्लिनकर 'पोपचा सूड' म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं आणि पोपमहाराज वर हजर होते. सप्टेंबरची सुरुवात. सूर्य पावणेआठच्या आसपास मावळणार होता. जूनमध्ये आले असते तर साडेनऊपर्यंत वाट बघावी लागली असती, त्यामुळे दिवे बघायला निघणाऱ्याने सप्टेंबरच धरावा.

आमचा गाइड विशीतला, उंच, पूर्व बर्लिनमध्येच वाढलेला. गटात आयर्लंडच्या दोन बहिणी, चिलीचं एक जोडपं, एक अबोल कोरियन विद्यार्थी, आणखी काही जण, आणि आम्ही दोघी. सायकली रुंद हँडलच्या, सीट ऐसपैस. हाताला पुढचा ब्रेक तेवढा. मागचा लावायचा तर पायडल उलटं मारायचं. रिकामी पायडलं उलटी फिरवत टंगळमंगळ करत जाण्यात आमच्या पिढीचं बालपण गेलं, त्यामुळे मला ही भलतीच जोखीम वाटली. गाइडने सगळ्यांना चौकातच चार फेऱ्या मारायला लावल्या. मग नियम सांगितले. वळायचं तर हात दाखवायचा. तांबडा सिग्नल म्हणजे तांबडा, रस्ता ओस पडला असला तरी. जर्मन कायद्यात एक गंमत आहे: पंधराहून जास्त सायकलस्वार असले तर ते एक 'काफिला' होऊ शकतात. मग दोन-दोनच्या रांगेत जाता येतं, आणि पुढचा हिरव्यावर निघाला की मधेच तांबडा झाला तरी मागच्यांनी निघून यायचं. अख्खी रांग एकच वाहन धरतात. आम्ही पंधरा भरत नव्हतो. त्यामुळे दर सिग्नलला आमची माळ तुटायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा ओवायची. भाचीला चमकणारं जाकीट देऊन शेवटी ठेवलं होतं. तिच्या मागे कोणी नाही, एवढं पाहणं तिचं काम.

हे थांबणं मला आवडलं. पायी चालताना शहर फार हळू सरकतं आणि बसमध्ये काचेआड राहतं. सायकलवर दर पाचशे मीटरला एक पाय टेकून आपण कुठेतरी उभे असतो, आणि समोर हिरवा-तांबडा छोटा माणूस. टोपी घातलेला, गुटगुटीत. १९६१ मध्ये पूर्व बर्लिनमधल्या कार्ल पेग्लाउ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने हा आम्पलमान काढला. एकीकरणानंतर पश्चिमेचे सडपातळ सिग्नल सगळीकडे बसवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून त्याला वाचवला. आता तो पश्चिमेतही दिसतो. पूर्व जर्मनीतून पश्चिमेने आपणहून काय घेतलं, असं विचारलं तर टोपीवाल्याच्या पुढे यादी फारशी सरकत नाही, असं गाइड म्हणाला. तो हसत बोलला, पण ते सगळंच हसण्यावारी नव्हतं.

श्प्रे नदीच्या बेटावर राजवाड्यासमोर थांबलो. हा राजवाडा जुना दिसतो, पण लोकांसाठी उघडला २०२१ मध्ये. मूळ वाडा युद्धात जायबंदी झाला आणि १९५० मध्ये पूर्व जर्मनीने तो सुरुंग लावून पाडला. त्या जागी १९७६ साली 'प्रजासत्ताक प्रासाद' उभा राहिला. आत संसद, शिवाय नाट्यगृह, उपाहारगृहं, बोलिंग. त्याच्या दर्शनी दालनात दिव्यांच्या गोळ्यांची इतकी रेलचेल होती की लोकांनी त्याला 'एरिकचं दिव्यांचं दुकान' नाव दिलं. एरिक म्हणजे सर्वेसर्वा एरिक होनेकर. पुढे त्यात अॅस्बेस्टॉस निघालं, प्रासाद बंद पडला, २००८ पर्यंत पार पाडून टाकला, आणि एकत्र आलेल्या जर्मनीने पुन्हा जुन्या राजाचा वाडा बांधला. गाइडच्या आईने म्हणे त्या दुकानात नाच केला होता. मला विचाराल तर पाडणाऱ्यांनीही तेच केलं जे पन्नास साली आधीच्यांनी केलं होतं, फक्त या वेळी सुरुंग नव्हता.

उन्टर डेन लिंडन या रुंद रस्त्याने पुढे निघालो. बर्लिनमध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ते याच रस्त्यावर, १८२६ मध्ये, एका इंग्रज कंपनीकडून. आता इथे सगळी वीज. डावीकडे बेबेलप्लात्झ लागला. मोठा, मोकळा, दगडी चौक. मधोमध जमिनीत एक काच बसवलेली आहे. दिवसा तिच्यात आभाळ दिसतं आणि वाकून बघणाऱ्याचा चेहरा. आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि काचेखालून पांढरा उजेड वर येत होता. खाली एक खोली. चारही भिंतींना पांढरे शेल्फ, त्यात एकही पुस्तक नाही. साधारण २०,००० पुस्तकं मावतील एवढी जागा. १० मे १९३३ च्या रात्री विद्यार्थ्यांनी आणि नाझींनी या चौकात तेवढी पुस्तकं जाळली. एरिक केस्टनर हा लेखक गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तकं जळताना बघत होता. १९९५ मध्ये मीखा उल्मान या इस्रायली शिल्पकाराने हे स्मारक केलं. ते बघावं अंधार पडता पडताच. दुपारी येऊन, काच पुसून, "काही दिसत नाही" म्हणत जाणारे पुष्कळ असणार.

आयरिश बहिणी वाकून बघत होत्या, मी मात्र रस्त्यापलीकडच्या विद्यापीठाकडे बघत होते. तेव्हाचं ते बर्लिन विद्यापीठ, आताचं हुम्बोल्ट. इरावतीबाई कर्वे १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये होत्या. युजेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. माणसाच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्या फरकाचा वंशाशी संबंध असावा असं फिशरांचं गृहीतक. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि असा संबंध दिसत नाही, हे मार्गदर्शकासमोर प्रबंधात लिहून टाकलं. तीन वर्षांनी पुस्तकं जळली, आणि त्याच वर्षी फिशर या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा टिळा लावणाऱ्यांतलं ते मोठं नाव. बाईंचं 'युगान्त' मी कितीदा वाचलंय, पण पंचविशीच्या आतबाहेरच्या त्या मुलीने परमुलखात, परभाषेत, आपल्या गाइडला "नाही" म्हटलं होतं, ही गोष्ट त्या चौकात उभं राहून मला पहिल्यांदा नीट उमगली. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग हे गाइडला सांग ना." सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. पुढे २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं होलोकॉस्ट स्मारक. तिथे सायकली बाहेर लावून दहा मिनिटं आत जायला दिली. त्याबद्दल लिहायला ही जागा अपुरी आहे. पोट्सडामर प्लात्झला मात्र गाइड रेंगाळला. तिथे घड्याळाच्या मनोऱ्यासारखा एक पंचकोनी हिरवा खांब आहे. १९२४ मध्ये इथे उभारलेल्या वाहतुकीच्या दिव्यांच्या मनोऱ्याची ती प्रतिकृती. त्या काळी एक पोलीस वरच्या खोक्यात बसून हाताने दिवे बदलायचा. पाच रस्ते, ट्रामगाड्या, आणि डोक्यावर सूर्य घेतलेला तो एक हवालदार! पुढे युद्धात चौक बेचिराख झाला, मग भिंत मधून गेली, आणि जगातल्या अत्यंत गजबजलेल्या चौकांपैकी एका चौकाचं गवताळ माळरान झालं.

इथूनच चाकाखाली भिंत लागली. म्हणजे भिंतीच्या जागी डांबरात बसवलेली दगडांची दुहेरी ओळ. पायी जाणाऱ्याला ती बघावी लागते. सायकलवाल्याला बघावी लागत नाही. हँडलला टकटक असा हिसका बसतो आणि कळतं, आपण आता पलीकडे. पुन्हा टकटक, पुन्हा अलीकडे. पश्चिम बर्लिनला वेढणारी भिंत सुमारे १५५ किलोमीटर होती आणि तिच्यापायी किमान १४० माणसं मेली. त्या रेषेवरून आम्ही अर्ध्या तासात किती वेळा ये-जा केली ते मी मोजलं नाही. २०१४ मध्ये भिंत पडल्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शहराने याच रेषेवर १५ किलोमीटरपर्यंत सुमारे ८,००० उजळलेले पांढरे फुगे लावले होते आणि ९ नोव्हेंबरच्या रात्री एकेक करून सोडून दिले. गाइड तेव्हा शाळेत होता. चेकपॉइंट चार्ली वाटेत लागला. खोटी चौकी, टोप्यांची दुकानं, बर्गर. तिथे थांबलो, एवढंच सांगते.

मग क्रॉइत्सबेर्गमध्ये शिरलो आणि मी ज्यासाठी आले होते ते सुरू झालं.

रस्ता वळला आणि उजेड बदलला. मोठ्या रस्त्यावरचा पांढरा प्रकाश मागे राहिला आणि आम्ही फिक्या, मऊ, हिरवट-सोनेरी उजेडात आलो, ज्यात समोरच्याचं नाक दिसतं पण सुरकुत्या दिसत नाहीत. कामिस्सोप्लात्झ. चहूबाजूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची पाचमजली घरं, मधे मुलांचं खेळायचं मैदान, कोपऱ्यात हिरव्या लोखंडाची अष्टकोनी सार्वजनिक मुतारी, तीही तेवढीच जुनी. तिला लोक लाडाने 'काफे आख्टेक' म्हणतात, अष्टकोनी कॅफे. आणि दिवे गॅसचे.

२०१०च्या सुमारास या शहरात ४०,००० हून अधिक गॅसचे रस्तादिवे होते, जगातल्या एकूण गॅसदिव्यांपैकी निम्म्याहून अधिक. बहुतेक सगळे पश्चिमेकडचे. पश्चिम बर्लिन तेव्हा बेटासारखं होतं. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत रशियाने रस्ते आणि रेल्वे अडवली, तेव्हा इथून हाकेच्या अंतरावरच्या टेम्पेलहोफ विमानतळावर विमानांतून कोळसासुद्धा उतरवत होते, आणि घरांना वीज मिळायची दिवसाचे मोजके तास. पुढेही पश्चिम बर्लिनचं वीजजाळं आजूबाजूपासून तोडलेलंच राहिलं. ते उरलेल्या देशाला जोडलं १९९४ मध्ये, म्हणजे भिंत पडल्यावर पाच वर्षांनी. अशा शहराने आहे तो दिवा विझवून दुसरा लावण्याची घाई केली नाही.

गाइडने आम्हाला एका खांबाखाली उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. काचेच्या घुमटात छोट्या पांढऱ्या जाळीच्या पिशव्या ओळीने लटकत होत्या, प्रत्येक झगझगीत पेटलेली. "मेंटल!" मी मराठीतच ओरडले. आमच्या आजोळी पेट्रोमॅक्स होती. रॉकेल भरायचं, पंप मारायचा, आणि नवं मेंटल बांधलं असेल तर त्याला बोट लावायचं नाही, कारण एकदा जळलं की त्याची राख होते आणि स्पर्शाने भुगा. तीच ही जाळी. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. नुसती ज्योत उजेड कमी देते. थोरियम आणि किंचित सिरियम यांच्या ऑक्साइडची जाळी त्या ज्योतीत तापली की पांढरी लखलखते. आणि ती पेट्रोमॅक्स जन्मली कुठे? याच बर्लिनमध्ये, १९१०च्या सुमारास, एरिश आणि ग्रेट्झ यांच्या कारखान्यात. त्यातल्या माक्स ग्रेट्झचा 'मॅक्स' तिच्या नावात आहे. थोरियमचा प्रवास याच्या उलटा. १९०९ मध्ये शोम्बेर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं, काथ्या त्रावणकोरचा. मग पहिल्या महायुद्धापर्यंत त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू जर्मन मेंटलसाठी जात राहिली. म्हणजे आपल्या वरातीत जी बत्ती नाचत होती तिचा घाट बर्लिनचा, आणि बर्लिनच्या गल्लीत जी जाळी जळत होती तिच्यात एके काळी मलबारच्या बाजूची वाळू.

हे सांगताना मला भरून आलं असं भाचीला वाटलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "मावशी, एक गॅसदिवा कितीतरी एलईडींची ऊर्जा खातो, माहितीये ना?" ती ऊर्जेच्याच क्षेत्रात आहे. तिचं खरं आहे. बर्लिन महापालिका गेली काही वर्षं एकेक रस्ता बदलत चालली आहे. काही ठिकाणी जुन्याच खोक्यात गॅससारखा रंग देणारे एलईडी बसवतात. २०२२ मध्ये रशियाकडून गॅस येणं आटलं तेव्हा शहराने सुमारे २०० इमारती आणि स्मारकांवरचे झोतदिवे बंद केले, आणि रस्त्यात गॅस जाळणं कुणाला पटवून द्यायचं हा प्रश्न उरलाच. गाइडचं म्हणणं, थोडे राखावेत. आयरिश बहिणींपैकी धाकटीचं म्हणणं, सगळे राखावेत. मी गप्प राहिले. आठवणीतल्या पेट्रोमॅक्सचा उजेड छान असतोच. पण वरातीत ती डोक्यावर घेऊन चालणारा माणूस मला आठवत होता. डोक्यावर चुंबळ, तोंडावर ऊन पडल्यासारखी धग, दुसऱ्याच्या लग्नात मैलभर चाल. त्याला एलईडी चालला असता. तरी या चौकात, या झाडांखाली, मला गॅस हवा होता, आणि हे दोन्ही एका वेळी वाटत होतं, त्याला माझा इलाज नाही.

चौकाचं नाव कुणाचं, असं कोरियन मुलाने विचारलं, संध्याकाळभरातला त्याचा हा पहिलाच प्रश्न. आडेलबेर्ट फॉन कामिस्सो. फ्रान्समध्ये जन्मलेला, जर्मनमध्ये लिहिणारा. १८१४ मध्ये त्याने पेटर श्लेमिलची गोष्ट लिहिली. श्लेमिल आपली सावली एका परक्याला विकतो, बदल्यात कधी न संपणारी पैशांची थैली घेतो, आणि मग कुठल्याच उजेडात उभं राहण्याची सोय उरत नाही. आम्ही सगळ्यांनी नकळत खाली बघितलं. गॅसच्या उजेडात सावल्या होत्या, पण कडा सुटलेल्या. चिलीचा नवरा बायकोला म्हणाला ते स्पॅनिशमध्ये होतं. ती खूप हसली.

लांडवेअर कालव्याच्या काठाने, वाऱ्याला तोंड देत, ओबरबाऊम पुलापर्यंत आलो. इथे पाय दुखायला लागले, खोटं कशाला सांगू. पूल १८९६चा, दोन मनोऱ्यांचा, विटांचा. वरून मेट्रो धडधडत जाते. भिंतीच्या काळात तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, कागदपत्रं दाखवून. खालच्या नदीची अख्खी रुंदी पूर्व बर्लिनची धरलेली, पश्चिमेची हद्द काठाला लागूनच. १९६६ ते १९७५ या काळात पश्चिमेच्या या काठावरून पाच मुलं पाण्यात पडून बुडाली. काठावरच्यांना उतरायची परवानगी नव्हती, आणि पलीकडचे वेळेत आले नाहीत. पाचव्यानंतर दोन्ही सरकारांनी बचावाचा करार केला. गाइडने हे पुलावर चढण्याआधी, काठावर थांबून, दोन वाक्यांत सांगितलं आणि पायडल मारलं.

पुलावर दोन वर्तुळांत निऑनचे हात आहेत, थॉर्स्टन गोल्डबेर्ग या कलाकाराने १९९७ मध्ये लावलेले. दगड, कागद, कात्री. दोन हात रात्रभर एकमेकांशी खेळत राहतात, कुठल्याही क्रमाशिवाय. पूर्व आणि पश्चिम यांचे निर्णय असेच झाले, असं कुणाला वाटावं यासाठी ते असेल. आमच्या गटाला मात्र चार तासांनी भूक लागलेली होती. ठरलं की एकीने डावा हात घ्यायचा, एकीने उजवा, हरणारीने सगळ्यांना फ्राइज. थोरली आयरिश बहीण डाव्या हातावर, माझी भाची उजव्यावर. डाव्याचा दगड, उजव्याचा कागद. भाची जिंकली. थोरली म्हणाली, असं एका डावावर नसतं, तीन डाव खेळायचे. धाकटी म्हणाली, आमच्यात एकच असतो. दोघी आपापसात भांडू लागल्या, चिलीकर त्यांच्यात पडले, कोरियन मुलगा नियम समजावून सांगू लागला. शेवटी गाइड ओरडला की दुकान अकराला बंद होतं, सायकली त्याआधी परत द्यायच्यात, आणि अकरानंतर आलेल्यांचे जादा पैसे त्याच्या पगारातून कापतात.